सात नंबर, आठ नंबर आणि कॉर्नरबॅक

२६ एप्रिल २०२४, शुक्रवार. डेट्रॉइटमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट भरलेला, डाउनटाउनचे रस्ते बंद, आणि आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये दोन टेक्निशियन गैरहजर. त्यांच्या जागी कोणी मागवायचं तर यादीत नावच नाही. आमच्या मॅनेजमेंटला राखीव माणूस ठेवणं म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटते. शेवटची शिफ्ट तासभर उशिरा सुरू झाली.

सात आणि आठ नंबरच्या खुर्च्यांवरचे दोघं आजोबा सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले. एक गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त, दुसरा स्कूलबस चालवायचा. दोघंही लायन्सचे, म्हणजे डेट्रॉइटच्या फुटबॉल संघाचे, जन्माचे चाहते, म्हणजे २००८ साली सोळाच्या सोळा मॅच हरताना पाहिलेले.

मी मिरजेत नर्सिंग केलं. फुटबॉल मला या दोघांनी शिकवला. ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. आयपीएलचा लिलाव नव्हे, इथे पैशाची बोली नसते. गेल्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड, हे ऐकून मला भारी वाटलं होतं. आता लायन्स सुधारले, म्हणून त्यांचा नंबर लांब गेला. गुरुवारी रात्री त्यांनी डॅलसशी अदलाबदल करून २९ वरून २४ वर उडी मारली आणि टेरियन अर्नोल्ड हा कॉर्नरबॅक घेतला. समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, सावलीसारखं चिकटून पळायचं, हे कॉर्नरबॅकचं काम.

सुया टोचतानाच सात नंबर सुरू झाले. "कॉर्नर झाला आता. हचिन्सनच्या दुसऱ्या बाजूने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा आणा. तो एकटा किती ओढणार?" क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा, आणि हचिन्सन हा त्याच्यावर धावून जाणारा लायन्सचा गडी.

"आणि तो आयुकचा कॅच विसरलास?" आठ नंबर म्हणाले.

जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला लायन्स २४-७ पुढे होते. उत्तरार्धात एक लांब पास व्हिल्डॉर या कॉर्नरच्या हेल्मेटवर आपटून उडाला तो थेट आयुक या त्यांच्या रिसीव्हरच्या हातात. मॅच ३४-३१ अशी गेली. सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, एका पावलावर होता. व्हिल्डॉर मोसमाच्या मध्यावर संघात आलेला, राखीवातून वर चढलेला. त्या दिवशी तोच उभा होता, कारण दुसरं कोणी नव्हतं.

सात नंबरचं म्हणणं, ५३ जणांच्या संघात प्रत्येक जागेला जोडी कुठून आणायची? आठ नंबर म्हणाले, "सतरा मॅच असतात बाबा. कोणाचं ना कोणाचं हाड मोडतंच." हे ऐकताना मी एकटी आठ मशीन सांभाळत होते. मी काहीच बोलले नाही, पण माझं मत कोणाला होतं ते सांगायला नको.

नेहमीच्या वेळी दोघंही घरी असते. त्या दिवशी उशीर झाल्यामुळे वीसेक मिनिटं उरली असताना टीव्हीवर लायन्सचं नाव आलं. दुसरी फेरी, ६१वी निवड: एनिस रेकस्ट्रॉ. पुन्हा कॉर्नरबॅक!

आठ नंबरनी आनंदाने हात वर फेकला. फिस्टुलाचाच हात, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला, सुया टोचलेला.

मशीन किंचाळलं. व्हीनस प्रेशरचा, म्हणजे परत जाणाऱ्या रक्ताच्या दाबाचा अलार्म, पंप बंद, नळीतलं रक्त जागच्या जागी थांबलेलं. मी धावले. सुई तिरकी झाली होती, पण निसटली नव्हती. हात सरळ केला, सुजलाय का ते चाचपून पाहिलं, टेप नव्याने लावली, पंप चालू केला. त्यांचं बीपी १६२ वर. मी मराठीत काहीतरी पुटपुटले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"तो हलला तर माझ्यावर का ओरडतेस?" सात नंबर.

"तुम्ही चिडवलंत म्हणून."

ऑक्टोबरात डॅलसमध्ये हचिन्सनचा पाय मोडला, नडगीची दोन्ही हाडं. दुसऱ्या दिवशी सोमवार. आता सात नंबर "मी सांगत होतो" म्हणून ऐकवणार, याची मी तयारी ठेवली होती. ते आले, कोट काढला, हात पुढे केला.

"आज टीव्ही बंद ठेव," म्हणाले.

आठ नंबरनी रिमोट उचलून माझ्याकडे दिला.