तिथीची पाऊणपट, वर साडेआठ

मालवणात आमच्या बाबांना भरतीची वेळ विचारली की ते उलट विचारायचे, "आज तिथी कोणती?" तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पुढे सहा तासांनी ओहोटी. किनाऱ्यावरच्या माणसाला यात नवीन काही नाही. पण बाबांनी हा हिशेब इंग्लंडातही बसवून दाखवला, म्हणून लिहितेय.

नोकरी कचेरीत कारकुनाची, जीव दर्यात. रविवारी मित्राच्या शिडाच्या होडीतून भल्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारी खारे वारे सुटले की परतायचं. वल्हं मारावं लागलं तर त्यांना तो अपमान वाटे. निघण्याआधी डोळे मिटून ते चेहरा हळूहळू फिरवायचे. दोन्ही कानांना वारा सारखाच लागला की थांबायचे, नाकासमोर बोट करून म्हणायचे, "हयसून." आई म्हणे, ह्यांका घराक दरवाजो नको, सुकाणू व्हया.

लहानपणी मुंबईहून गावी ते बोटीने यायचे. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवण. बोट बाहेरच नांगर टाकायची. मग पडाव येऊन टेकायचे आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं हेलकाव्याचा अंदाज घेत खाली उतरायचं. पावसाळ्यात ही वाहतूक बंद.

आम्ही राहतो ब्रिस्टलजवळच्या क्लीव्हडनला. सेव्हर्न नदीचं मुख समुद्राकडे रुंद आणि आत नरसाळ्यासारखं निमुळतं, त्यामुळे शिरलेलं पाणी वर चढतच जातं. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरच्या आसपास जातो. मालवणात तो जेमतेम 2-3 मीटर. बाबा आमच्याकडे आले तेव्हा पहिल्या दिवशी समोर नुसता चिखल बघून म्हणाले, "पाणी खंय गेलां?"

बॅगेत कालनिर्णय होतंच. पाऊणपटीने काढलेली वेळ मात्र काही केल्या जुळेना. मग पंधरवडाभर ते धक्क्याजवळच्या बाकावर बसले. पाणी कधी थांबलं, कधी फिरलं, ते पेन्सिलीने कॅलेंडरच्या चौकटीत लिहीत गेले. निष्कर्ष असा: पाऊणपट करा, वर साडेआठ तास मिळवा. पौर्णिमेचे सव्वाअकरा, म्हणजे इथे संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास भरती. चंद्र रोज साधारण पाऊण तास मागे पडतो, तो मालवणातही आणि इथेही. फरक एवढाच की चंद्रामागून पाणी त्या त्या बंदराला किती उशिरा पोचतं. साडेआठातला एक तास इथल्या उन्हाळी घड्याळाचा आहे, हे मी सांगितल्यावर ते चिडलेच. "दर्याक घड्याळ कळणा नाय, चंद्र कळता."

त्याच उन्हाळ्यात क्लीव्हडनच्या धक्क्याला 'वेव्हर्ली' लागली. ही 1947 सालापासून चालणारी, दोन्ही अंगांना चाकं असलेली आगबोट. तिकिटं काढून वर चढलो. बाबा इंजिनाच्या काठड्याला चिकटले ते खाली उतरेपर्यंत. आत पितळ आणि पोलाद तेलात न्हाऊन वरखाली होत होतं. गरम तेलाच्या वासाने त्यांना एकदम जुन्या बोटी आठवल्या आणि शेजारच्या इंग्रज आजोबांना ते चक्क मालवणीत भाऊचा धक्का समजावू लागले. आजोबांनीही मान डोलावत ऐकून घेतलं. बाबांची तक्रार एकच: धक्क्यावरून थेट बोटीत पाऊल टाकायचं, यात काय मजा? पडाव नाही तो कसला प्रवास!

बाबा गेल्या श्रावणात गेले. दिवसकार्य आटोपल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तर प्रत्येक चौकटीत दोन वेळा लिहिलेल्या होत्या, डावीकडे मालवण, उजवीकडे आमच्याकडची. पार दिवाळीपर्यंत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, त्या दिवसापासून उजवीकडचा आकडाही बरोब्बर एक तासाने कमी केलेला. रागावले होते, पण विसरले नव्हते.

यंदा भावाने नवीन कॅलेंडर पाठवलंय आणि लेकीने पेन्सिल हातात घेतलीय. मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटासकट मिळते, तरी तिला ही बेरीजच आवडते. फक्त ती साडेआठाऐवजी सव्वाआठ मिळवते आणि त्यावरून मामाशी व्हॉट्सॲपवर रोज भांडते.