बरी झालीस ना, मग राग कशाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माहेरी, बचतगटात, परवा तर एसटीतही हेच: "जबरीनं नेलं म्हणून बरी झालीस. मग राग कशाचा?"

मनाच्या दवाखान्यात नेल्याचा राग नाहीच. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, वावरातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसत होते मी. कोणीतरी उचलायलाच हवं होतं. राग चष्म्याचा आहे. "चाल, डोये तपासून येऊ," म्हणून भावानं गाडीत बसवलं. मी वेणीफणी करून, ठेवणीतली साडी नेसून निघाले. यवतमाळ मागे पडलं तरी मी चष्म्याची काडी कोणत्या रंगाची घ्यावी, याच विचारात.

वॉर्डात हातपाय पट्ट्यांनी खाटेला बांधले. किती वेळ, ते कोणी सांगितलं नाही. बाथरूमला जायचं म्हटलं, तर "थांब." मग ठेवणीतल्या साडीतच झालं सगळं. ते ज्यांनी पाहिलं, त्यांच्याच हातून सकाळी गोळी घ्यायची होती.

ही २०१९ ची गोष्ट. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तेव्हा लागू झालेला होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यात साखळीला साफ बंदी. बांधायचं तर तत्काळ धोका दुसऱ्या कशानं टळत नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, कारण लिहून, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून नाही. माझ्या कागदावर काय कारण लिहिलंय? कागद मागायचा हक्क आहे. धीर अजून झाला नाही.

त्याच कायद्याप्रमाणे मी आता आधीच लिहून ठेवलंय, पुन्हा माझं मला कळेनासं झालं तर काय करावं आणि काय करू नये. माझ्या वतीनं बोलायला भाऊ नाही, वहिनी नेमली. वाचून ती म्हणाली, "सांगूनच नेईन वं तुले. ओरडशीन तं ओरड."

आणि एक. दवाखान्याआधी महिनाभर औषध मला चहातून जात होतं. तेव्हा मी "चहात काहीतरी आहे" म्हणायची, आणि तेच माझ्या आजाराचं लक्षण म्हणून डॉक्टरांना सांगितलं गेलं. भावाचा जीव आहे माझ्यावर, दिवाळीला ओवाळते मी त्याला. चहा मात्र त्याच्याकडे गेल्यावरही मीच मांडते.