घाम येत होता, तरी उष्माघातच होता

मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, उन्हाळी फुटबॉल कॅम्पला दिवसभर मैदानावर असतो. एरवी काम ठरलेलं, मुरगळलेला घोटा, धरलेली हॅमस्ट्रिंग, बर्फ लाव, टेप गुंडाळ, झालं. पण ही केस डोक्यातून जात नाही.

एक मिडफिल्डर होता, तापातून उठून नुकताच कॅम्पला आलेला, उन्हाची अजिबात सवय नाही, आणि सेशनच्या शेवटी कोच सरांनी सगळ्यांना स्प्रिंट्स लावल्या. हा पोरगा एकदम भलत्याच दिशेला पळायला लागला. मी हाक मारली तर मला शिवी दिली! एरवी मान वर करून न बोलणारा मुलगा. सर म्हणाले, "दम संपलाय, नाटकं करतोय." मी म्हटलं सर, हे नाटक नाहीये, आणि तेवढ्यात तो गुडघ्यावर बसला.

मग नेहमीचं सुरू, कोणी म्हणे पाणी पाजा, कोणी पॅरासिटामॉल आणली, एकजण ठामपणे सांगतोय की घामाने निथळतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही. हाच गैरसमज घात करतो. कोरडी कातडी म्हणजे उष्माघात असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, पण व्यायाम करताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. बघायचं असतं ते डोकं ठिकाणावर आहे का. बरळणं, चिडणं, झोक जाणं. आणि अशा अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉलचाही इथे उपयोग नाही, हा आजारपणातला ताप नव्हे.

पोरांना टॉवेल धरून आडोसा करायला लावला आणि गुदद्वारातून टेम्परेचर घेतलं (कपाळावरचं मशीन यात साफ फसवतं), तर 41.4 अंश सेल्सिअस! 40 च्या वर आणि त्यात असं बरळणं, म्हणजे दुसरं काही नाहीच. रिकव्हरीसाठी बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला होताच, त्यात गळ्यापर्यंत बसवला, डोकं बुडू नये म्हणून काखेतून टॉवेल घालून दोघांनी मागून धरलं, आणि एकाला पाणी सतत ढवळत राहायला सांगितलं, कारण नाहीतर अंगाभोवतीचं पाणी तेवढ्यापुरतं कोमट होतं आणि गार होणं मंदावतं.

अँब्युलन्स आली, स्ट्रेचर काढलं. मी म्हटलं थांबा. अटेंडंट वैतागला, पण आधी गार करायचं मग हलवायचं, यात तडजोड नाही, पहिल्या अर्ध्या तासात टेम्परेचर उतरलं तर मेंदू, किडनी, लिव्हर वाचायची शक्यता खूप वाढते. पंधराएक मिनिटांत 39 वर आलं तसं बाहेर काढलं, त्यापुढे ठेवलं तर उलट जास्तच गार पडतो. कुडकुडत पहिला प्रश्न काय, तर "माझे बूट कुठायत?"

हॉस्पिटलमध्ये सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), लिव्हरच्या टेस्ट झाल्या, सीके बराच वाढलेला होता, म्हणजे स्नायूंना मार बसला होता.

सरांशी मात्र नंतर वाजलंच. शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, तोवर सेशन छोटं ठेवा, तापातून उठलेल्याला तर आणखी जपा, हे मी आधीपासून सांगत होतो. आता स्प्रिंट्स सकाळी लवकर होतात. तरी आठवड्याने विचारलंच त्यांनी, "शनिवारच्या मॅचला खेळवू का त्याला?" मी म्हटलं, रिपोर्ट नॉर्मल येऊ देत, डॉक्टर हो म्हणू देत, मग आधी सावलीत चालणं, मग जॉगिंग, मॅचचं नंतर बघू.