तुम्ही विचारलंत म्हणून: यात लॉजिक कुठे आहे?

“मॅडम, तुम्ही आयुष्यभर फिजिक्स शिकवलंत, मग ही असली मालिका तुम्हाला चालते तरी कशी? यात लॉजिक कुठे आहे?”

जुने विद्यार्थी विचारतात. नातेवाईक विचारतात. इंदूरला ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलं की मध्यंतरात कुणीतरी गाठून विचारतंच. काळात मागेपुढे हिंडणारी कुठलीही नवी मालिका आली की हा प्रश्न परत डोकं वर काढतो. पण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एकच मालिका असते, कारण ती मी घरभर माणसं जमवून बघत असे हे आमच्या अर्ध्या रामबाग मोहल्ल्याला ठाऊक आहे: ‘लेजेंड्स ऑफ टुमॉरो’. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेत ती सुरू झाली. ‘ॲरो’ आणि ‘द फ्लॅश’ या सुपरहिरोंच्या मालिकांतली कडेकडेची पात्रं उचलून मांडलेला हा नवा संसार. रिप हंटर हा भविष्यातला काळाचा राखणदार. व्हॅन्डल सॅव्हेज नावाचा अमर जुलमी माणूस २१६६ साली त्याच्या बायकोला आणि मुलाला मारतो. काळाचे मालक म्हणवणारे वरचे साहेब लोक हात वर करतात, म्हणून रिप त्यांचं काळात फिरणारं जहाज पळवतो, २०१६ मध्ये येतो आणि आठ जणांना गोळा करतो. एक मारेकरी होती ती सारा, एक श्रीमंत संशोधक, एक म्हातारे प्रोफेसर आणि त्यांच्याशी शरीराने जोडला जाणारा एक मोटार मेकॅनिक, दोन चोर, आणि जन्मोजन्मी एकमेकांना भेटणारं एक पंखवालं जोडपं. भविष्यात तुमच्या दंतकथा झाल्यात, असं तो त्यांना सांगतो. सगळे छाती फुगवून जहाजात चढतात. आणि पहिला भाग संपायच्या आत खरं बाहेर येतं: हीच माणसं निवडली, कारण ती नसली तरी इतिहासाला काडीचा फरक पडत नाही.

या एका गोष्टीवर मी मालिकेला उरलेले पंधरा भाग उधार दिले. देवाने, नियतीने निवडलेले नायक पुष्कळ पाहिलेत. हजेरीपटावरून नाव खोडलं तरी कुणाला कळणार नाही अशांना निवडणारा लेखक क्वचित भेटतो.

आता फिजिक्स. ते लवकर आटपेल. काळात पुढे जाता येतं, यात वाद नाही. १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग या दोघांनी सीझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली. फरक नॅनोसेकंदांचा होता, पण होता. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. हिशेबात ती सुधारणा धरली नाही तर तुमच्या मोबाइलवरचा नकाशा दिवसागणिक दहा-दहा किलोमीटरने चुकत जाईल. मागे जाण्याचं मात्र वेगळं आहे. १९४९ मध्ये गणितज्ञ गोडेलने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं एक विश्व काढून दाखवलं, जिथे पुढे पुढे चालत माणूस आपल्याच भूतकाळात पोचेल. पण ते विश्व आपलं नव्हे. हॉकिंगने २८ जून २००९ला कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मेजवानी उरकल्यावर काढली. कोणी आलं नाही. विज्ञान म्हणून विचारत असाल तर मालिकेतलं लॉजिक शून्य आहे, हे घ्या लिहून.

पण तुम्ही ते विचारतच नाही आहात. हे मला आमच्या दिवाणखान्यात कळलं.

बघणारे कोण, तर माझा भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे मित्र, वहिनी, आणि शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका. रविवारी सकाळी पोहे, वर शेव आणि जिरावण मसाला, आणि मग मालिका. मी भिंतीशी बसून पडद्यापेक्षा माणसांकडेच जास्त बघायची. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले त्याची सवय. कोण कधी जांभई देतो हे मला पाठमोरंही कळतं.

“आत्या, ये क्या बात हुई!” भाचा ओरडायचा. “जहाजात टाइम मशीन आहे ना? मग सॅव्हेज निसटला तर पाच मिनिटं मागे जा आणि परत पकड!” काका मान डोलवायचे. बरोबर मुद्दा. पण हा मुद्दा निघायचा कधी? सॅव्हेज लांबलचक भाषण ठोकत असताना. किंवा पंखवाली केन्ड्रा आणि पंखवाला कार्टर ‘आपण चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये’ सुरू करत तेव्हा. पुनर्जन्माचं कौतुक अमेरिकेत असेल, आमच्या दिवाणखान्यात कुणाची भुवईसुद्धा हलली नाही. एकट्या वहिनीला त्यात रस होता आणि तोही भलत्याच कारणाने. केन्ड्राला मागचं प्रेम आठवत नाही, म्हणून ती कार्टरला सरळ सांगते की मागच्या जन्मी असशील, या जन्मी माझी मी ठरवीन. “हिने वटपौर्णिमा करायला नकार दिलाय,” वहिनी म्हणाली आणि पोह्यांची दुसरी खेप आणायला आत गेली. ती स्वतः दर वर्षी वडाला जाते. पुढे त्या विषयावर काहीच बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

दोन चोर पडद्यावर आले की मात्र सगळे गप्प. थंडीची बंदूकवाला लेनर्ड स्नार्ट आणि आगीची बंदूकवाला मिक रोरी. वेन्टवर्थ मिलर आणि डॉमिनिक पर्सेल ही जोडी त्याआधी ‘प्रिझन ब्रेक’मध्ये भाऊ-भाऊ होती, त्यामुळे मुलांना ती पाठ होती. स्नार्ट एकेक शब्द सावकाश ओढत बोलतो, जणू प्रत्येकाचे पैसे लागणार आहेत. हे दोघे चोरी करायला कुठल्या दशकात घुसले, तिथे कपडे कुठून मिळाले, भाषा कशी जमली, असलं एकही लॉजिक कोणी काढत नसे. काकासुद्धा नाही, आणि काका म्हणजे बिलावरचा कर दोनदा तपासणारा माणूस.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे की प्रेक्षक लॉजिक विचारतो ते कंटाळा आला की. करमत असेल तर तो वाटेल त्या अटी मान्य करतो. वर्गातही हेच चालायचं. तास रंगला असेल तर घर्षण नसलेला पृष्ठभाग, वजन नसलेली दोरी, हवा नसलेली हवा, सगळं मुलांना चालतं. रंगला नसेल तर मागच्या बाकावरून आवाज येतो, “मॅडम, अशी दोरी कुठे मिळते?”

याचा पुरावा दुसऱ्या भागातच आहे. १९७५ साली म्हातारे प्रोफेसर स्टाइन आपल्याच तरुण रूपाला गाठतात आणि त्याला आपल्या भानगडीत ओढतात. परिणामी तो ज्या समारंभात त्याला भावी बायको भेटायची तिथे पोचतच नाही, आणि इकडे म्हाताऱ्यांच्या बोटातली लग्नाची अंगठी नाहीशी होते. आता बघा, लग्न झालंच नाही तर अंगठीबरोबर बायकोची आठवणही जायला हवी ना? अंगठी जाते, आठवण राहते. यापेक्षा मोठं भगदाड मला सगळ्या सीझनमध्ये दिसलं नाही. आणि आमच्याकडे कोणी चकार शब्द काढला नाही, कारण प्रोफेसर झालेला व्हिक्टर गार्बर त्या रिकाम्या बोटाकडे ज्या तऱ्हेने बघतो, ते बघून भाच्याने चमचा खाली ठेवला होता. पुढे दुसऱ्या सीझनमध्ये तेच प्रोफेसर १९८७च्या आपल्याला फक्त एवढंच सांगतात की बायकोकडे जरा लक्ष दे. वर्तमानात परत येतात तो त्यांना चक्क मोठी झालेली मुलगी! तिचं बालपण त्यांच्या आठवणीत नाही. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना कळतं की ही चूक आहे, दुरुस्त करायला हवी. बाप म्हणून ते करवत नाही. अशा जागी मालिका उत्तम होते. काळप्रवास नसता तर हा प्रसंग लिहिताच आला नसता.

मुलांनी एकदा विषय थेट होळकरांवर आणला. वेव्हरायडर, म्हणजे मालिकेतलं ते जहाज, इंदूरला आणलं तर कुठे न्यायचं? कोणी पानिपत म्हणणार हे उघड होतं. मग मल्हारराव रणातून का निघाले यावर पुण्याच्या पाहुण्यांशी होणारं नेहमीचं भांडण झालं असतं. त्या दिवशी पुण्याचं कोणी नव्हतं, म्हणून वाचलो. भाचा म्हणाला, १७५४, कुंभेर. वेढ्यात तोफेच्या गोळ्याने खंडेराव होळकर गेले. त्यांना दोन पावलं बाजूला ओढायचं, बस.

मग हिशेब सुरू झाला. खंडेराव जगले तर मल्हाररावांमागून तेच गादीवर. म्हणजे १७६७ मध्ये अहिल्याबाई कारभार हाती घेत नाहीत. महेश्वरला राजधानी नाही, तो घाट नाही, १७८० च्या सुमाराचं काशी विश्वनाथाचं देऊळ नाही. काका विमानतळ आणि विद्यापीठाच्या नावांपर्यंत पोचले. सगळ्यांचं एकमत झालं की कुंभेरला हात लावायचा नाही, काळ आहे तसाच बरा.

वहिनी दारात उभी होती. “तुम्ही घाट मोजताय,” ती म्हणाली. “त्या बाईला कोणी विचारलं का, नवरा हवा की घाट?”

कोणाला उत्तर सुचलं नाही. मालिकेतल्या रिपचं दुखणं हेच. तो बायकोमुलाला वाचवायला पुन्हा पुन्हा मागे गेलेला असतो आणि दर वेळी ती दोघं मरतातच. काळाला जे घडवायचं असतं ते तो घडवून आणतो, असं रिप सांगतो, आणि सांगताना त्याचा स्वतःचाच विश्वास बसलेला नसतो. आर्थर डार्विलने ते चांगलं केलंय. पात्र मात्र चिडचिडं लिहिलंय, त्यामुळे मुलांना तो कधी आवडला नाही. मला आवडायचा. काही प्राचार्य असेच असतात.

शेवटाकडे लेखकांनी जे केलं त्याबद्दल माझं मत वाईटही आहे आणि चांगलंही. सीझनभर या टोळक्याने जे घोळ घातले, जे निर्णय चुकवले, ते सगळे काळाच्या मालकांनीच एका यंत्रातून घडवून आणले होते, असं पंधराव्या भागात कळतं. म्हणजे आजवर आम्ही काढलेल्या प्रत्येक चुकीवर ‘नियती’ असा शिक्का मारून फाइल बंद. ही सरळसरळ चलाखी आहे. पण त्याच भागात स्नार्ट ते यंत्र उडवायला मागे थांबतो आणि मरतो. सगळ्यात स्वार्थी माणूस. मिकला वाचवायला. भाचा उठून बाहेर पोर्चमध्ये गेला आणि बराच वेळ फोनवर बोलण्याचं सोंग करत होता. त्या दिवशी चलाखीवर व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या सीझनपासून सॅव्हेजही नाही, पंखवालेही नाहीत, आणि मालिकेला हसू फुटलं. आमच्याकडे इथे फूट पडली. काका गेले, “आता पोरखेळ झाला” म्हणून. एका अर्थी खरंच होतं. तिसऱ्या सीझनमध्ये बीबो नावाचं निळं केसाळ बोलकं खेळणं व्हायकिंग लोकांच्या हाती लागतं आणि ते त्याला देव मानून लढाईला निघतात. चौथ्यात, २०१९ मध्ये, आपला कामदेव थेट जेन ऑस्टिनच्या इंग्लंडात उतरतो आणि हिंदी सिनेमाच्या थाटाचं नाचगाणं होतं. कोणी रागावेल अशी मला भीती होती. वहिनीची तक्रार एवढीच की नाच अजून लांब हवा होता. गंमत अशी की गंभीर पहिल्या सीझनला लॉजिक विचारून भंडावणारी हीच मुलं बीबोला एकही प्रश्न विचारत नव्हती.

मालिका सात सीझन चालली. २०२२ मध्ये ती बंद झाली तीही मध्येच, सगळं टोळकं अटकेत असताना. पुढे काय झालं ते कोणी दाखवलं नाही, आणि भाचा अजून त्यावर नाराज आहे.

तर बघायची असेल तर पहिले दोन भाग बघा. अंगठीच्या जागी चमचा खाली ठेवावासा वाटला तर पुढे जा. सॅव्हेज बोलायला लागला की खुशाल चहा टाका, काही चुकत नाही. नाही वाटलं, तर सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका. पण मग मला लॉजिक विचारायला येऊ नका. सरळ म्हणा, मॅडम, कंटाळा आला.