तिजोरीत चार, खांद्यावर एक

परवा माझी .३०० विन्चेस्टर मॅग्नम, म्हणजे मोठ्या जनावरासाठीची जोरदार धक्क्याची रायफल, विकून टाकली. घेतली होती त्याच्या जेमतेम साठ टक्के पैसे आले, वर दुकानदार म्हणतो की या मॅग्नम लोकं एक सीझन वापरतात आणि परत आणून देतात, म्हणजे मी काही वेगळं करत नव्हतो. बायको म्हणाली चला एक तरी गेली. तिला वाटतंय आता बाकीच्यापण जातील. बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मूळचा कणकवलीकडचा, गेली बरीच वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे आहे, आणि हो, हरणाची शिकार करतो. मागे एकदा हे लिहिलं तेव्हा दोन-तीन मेल आले की मराठी माणूस असून वगैरे. त्यावर एवढंच सांगतो की इथे ते लायसन, टॅग (एकेका जनावराची परवानगी-चिठ्ठी), सीझन सगळं मोजूनमापून चालतं, बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा दहा-अकरा टक्के कर आहे जो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राज्यांना जातो, आणि आमच्या फ्रीजरमधलं वर्षभराचं मटण नोव्हेंबरमधे येतं. ज्यांना पटत नाही त्यांना नाही पटत, ठीक आहे.

तर विषय हा की रायफल एक असावी का कामाप्रमाणे वेगवेगळ्या. याच्यावर इथे लोकं चहाच्या टपरीवर राजकारण बोलावं तसं तासन्तास बोलतात. मी दोन्ही बाजूंनी खेळून झालोय म्हणून लिहितोय.

सुरुवात उशिरा झाली. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी या वाटेला गेलोच नाही, कारण एच-वन-बी सारख्या व्हिसावर असताना बंदूक बाळगायला इथे फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीचं लायसन असलं तर त्यात सूट मिळते, पण मी म्हटलं नको, आधीच त्या रांगेत आयुष्य चाललंय त्यात हा ताप कशाला. मग कार्ड आलं आणि पहिल्यांदा हंटर एज्युकेशनचा क्लास केला. १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो इथे लागतो. वर्गात सगळी अकरा-बारा वर्षांची पोरं, त्यांचे बाप मागच्या खुर्च्यांवर, आणि पोरांच्या बाकावर मी, अडतीस वर्षांचा, गुडघे टेबलाला लागतायत. परीक्षेत माझ्या शेजारच्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.

पहिली रायफल घेतली ती सेकंडहँड सॅव्हेज ११०, .३०-०६ ची. इथे याला थर्टी ऑट सिक्स म्हणतात, तीस म्हणजे नळीचं माप इंचाच्या शंभराव्या भागात आणि सहा म्हणजे १९०६ साल, अमेरिकन लष्कराने हे काडतूस तेव्हा घेतलं. एकशेवीस वर्षं होत आली तरी कुठल्याही खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात याची पेटी मिळते. याच्यात ११० ग्रेनपासून (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) २२० ग्रेनपर्यंत गोळ्या येतात, म्हणजे अंदाजे सात ग्रॅमपासून चौदा ग्रॅमपर्यंत. म्हणूनच एक-रायफलवाल्यांचा हा देव आहे. हलकी गोळी घाला कोयोटी (इथला कोल्हा म्हणा) मारा, मधली घाला हरीण मारा, जड घाला एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) मारा, बंदूक तीच. मला हे ऐकल्या ऐकल्या पटलं होतं. त्याचं कारण आजोबा.

आमच्या घरी शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, एकनळी. डुकरं आणि वानर यांच्यापासून भात-नाचणी राखायला सरकार असा परवाना देतं, आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत आहे. इलेक्शन आलं की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नेमकं तेव्हाच वानर माडांवर उतरायचे, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकलीय. आजोबा मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, राखणीला बसायचे. नळीत दारू ओतायची, वर नारळाच्या सोडणाचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, मग परत बोळा, आणि शेवटी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी. मला गज धरायला द्यायचे तेवढंच काय ते माझं काम. वानरांना पळवायला नुसता दारूचा बार, मोठ्या डुकरासाठी एकच गोळी. बंदूक एक, बार वेगवेगळे. कोणीतरी म्हणालं होतं की दुसरी घ्या काडतुसाची, बारा बोअर, तर आजोबा म्हणाले, "एकच बरी रे. दोन झाली काय एक गंजता."

पण त्याचीच दुसरी बाजू पण मी तिथेच बघितलीय आणि ती मला फार उशिरा कळली. एका संध्याकाळी वानरांसाठी नुसती दारू ठासून ठेवलेली आणि अंधार पडता पडता शेजारचा ओरडला, "डुकरां इली!" आता ठासणीच्या बंदुकीतला बार काय बटण दाबून बदलता येत नाही, तो काढायचा तर उडवून टाकणंच सोपं. आजोबांनी हवेत उडवला, डुकरं पलीकडच्या मळ्यात गेली, आणि पलीकडचा आठवडाभर आमच्याशी बोलला नाही.

थर्टी ऑट सिक्सचंपण तेच होतं, फक्त पुस्तकी भाषेत. स्कोप, म्हणजे वरची दुर्बीण, १५० ग्रेनच्या गोळीवर झीरो केला असेल, म्हणजे नेम तिच्यावर जुळवला असेल, आणि त्याच रायफलीत १८० ग्रेनची घातली तर शंभर यार्डावरच ती दोन-तीन इंच खाली लागू शकते, कधी बाजूलापण सरकते, रायफलीगणिक वेगळं. म्हणजे बार बदलला की बंदूक बदललीच समजा, परत रेंजवर जा, परत स्कोपच्या चकत्या फिरवा, परत दहा गोळ्या जाळा. मी पहिल्या दोन वर्षांत तीन प्रकारच्या गोळ्या ठेवल्या होत्या आणि कुठली कुठे लागते ते मोबाईलमधे लिहून ठेवलं होतं, जंगलात थंडीने मोबाईल बंद पडला. तेव्हापासून एकच, १६५ ग्रेन, एकाच कंपनीची. मग ११० ते २२० च्या त्या सगळ्या गोळ्यांचा फायदा काय, तर काही नाही. एक-रायफलवाले हे सांगत नाहीत.

मग मी दुसऱ्या बाजूला गेलो, आणि गेलो तो चांगलाच गेलो.

आधी .२४३ ची रायफल आली, मुलाच्या नावाने. धक्का कमी, हलकी, हरणाला पुरेशी. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याला डायनासोरमधे इंटरेस्ट होता, तरी मुलाच्या नावाने. मग कोलोरॅडोला एल्कला जायचं ठरलं आणि सगळ्यांनी सांगितलं की एल्क म्हणजे आपल्याकडच्या सांबरापेक्षाही मोठं जनावर, त्याला मॅग्नम पाहिजे. म्हणून .३०० मॅग. आता गंमत ऐका, .३०० विन मॅग आणि थर्टी ऑट सिक्स या दोन्हीतून गोळी अगदी एकाच जाडीची सुटते, .३०८ इंच. एकच १८० ग्रेनची गोळी दोन्हीतून मारा, मॅग्नममधून साधारण दहा टक्के जास्त वेगाने जाते. दहा टक्के! त्याच्यासाठी मी नवी रायफल, नवा स्कोप आणि दीडपट धक्का घेतला. तिसऱ्या का चौथ्या गोळीला स्कोप भुवईवर आदळला, अर्धचंद्र उमटला, सोमवारी ऑफिसमधे सगळ्यांनी विचारलं.

खरं नुकसान भुवईचं नाही झालं. आमच्या शेजारी एक म्हातारा आहे, रिटायर्ड डेअरीवाला, मी मनातल्या मनात त्याला काका म्हणतो. त्याच्याकडे त्याच्या वडलांची थर्टी ऑट सिक्स आहे, दस्त्याचा रंग गेलाय, नळीवरचा निळा मुलामा उडालाय, आयुष्यभर तीच. तो माझ्याबरोबर रेंजवर आला, म्हणाला तू टार्गेटकडे बघ, गोळ्या मी भरून देतो. दोन उडवल्या. तिसऱ्याला चाप ओढला आणि नुसतं टक्क झालं, त्याने डमी काडतूस भरलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, तरी नळी मात्र चांगली तीन इंच खाली झुकली आणि माझे डोळे घट्ट मिटलेले. म्हातारा काहीच बोलला नाही, नुसता डमी काढून हातात घेऊन मला दाखवला. माझा खांदा धक्का येण्याआधीच घाबरत होता. याला इथे फ्लिंच म्हणतात, आणि ही सवय एकदा लागली की ती सगळ्या रायफलींबरोबर येते, मॅग्नम घरी ठेवली तरी.

तरी ती कोलोरॅडोला नेलीच, पैसे घातले होते ना. चौथ्या दिवशी ॲस्पेनच्या झाडीत एकशेचाळीस यार्डावर नर एल्क उभा, आडवा, कान हलवत. आम्ही चारशे यार्डाच्या गप्पा मारत गेलो होतो. मी रायफल लावली आणि खांद्याने आधीच आकसायला सुरुवात केली, ते मला स्वतःला कळत होतं, स्कोपमधे दिसत होतं, म्हणून मी चाप ओढला नाही. हा एकच निर्णय मी त्या ट्रिपमधे बरोबर घेतला. म्हाताऱ्याने त्याच्या त्या रंग उडालेल्या रायफलीने एका गोळीत काम केलं. मग मांस गाडीपर्यंत आणायला दोघांच्या मिळून सहा खेपा, त्या मात्र मी इमानदारीत केल्या.

जास्त रायफली असल्या की आणखी काय होतं ते सांगतो. एका वर्षी ओपनिंगच्या आदल्या रात्री उत्तरेला दोन तास ड्राइव्ह करून गेलो, पहाटे साडेचारला बॅग उघडली तर रायफल थर्टी ऑट सिक्स आणि पेटी .२४३ ची. इथे गन डिअर सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊच दिवस असतो, त्यातली पहिली सकाळ मी एका पेट्रोल पंपाच्या बाहेर काडतुसं विकणारं दुकान उघडायची वाट बघत कॉफी पीत घालवली, अंगावर तो भडक नारिंगी कोट. आणि एकदा .२४३ घेऊन गेलो तर हरीण आलं साठ यार्डावर आणि माझा अंगठा सेफ्टी (चाप अडवून ठेवणारी कळ) शोधतोय दस्त्याच्या वर मागे, कारण सॅव्हेजची तिथे असते, आणि या रायफलीची आहे उजव्या बाजूला बोल्टजवळ. अंगठा नुसता फिरतोय. हरणाने माझ्याकडे बघितलं, शेपटी वर केली आणि गेलं. दोष रायफलीचा नाही, अंगठ्याला जे शंभर वेळा शिकवलं तेच तो करणार.

असं नाही की एकीने सगळं होतं. सशावर थर्टी ऑट सिक्स मारलीत तर सशाऐवजी केस गोळा करत बसाल. कोलोरॅडोत मोठ्या जनावराला .२४ इंचापेक्षा बारीक गोळी कायद्यानेच चालत नाही, म्हणजे .२२३ वाला तिथे बाद. बदकांना तर शॉटगनच लागते आणि तीपण १९९१ पासून शिशाच्या छर्ऱ्यांशिवाय. जिम कॉर्बेटकडेही हलकी .२७५ रिग्बी होती, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मधे भेट मिळालेली, आणि शिवाय जड .४५०/४०० दुनळी. पण ते जिवावर बेतणारं काम होतं, माझ्यासारखं शनिवार-रविवारचं नव्हे. आपल्याकडे तर हा प्रश्नच सरकारने सोडवलाय, शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आणि परवान्यावर आधी तीन हत्यारं ठेवता यायची ती २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर आली.

माझ्या मते दुसरी रायफल घ्यायची तर ती पॉइंट टू-टू घ्यावी. हरणाची दुसरी, एल्कची तिसरी असं नाही. .२२ एलआर, १८८७ चं काडतूस, धक्का जवळपास शून्य, पन्नासची पेटी मला चार-पाच डॉलरला पडते, थर्टी ऑट सिक्सच्या दोन-तीन गोळ्यांत ती येते. फ्लिंच माझी हिनेच घालवली, एक अख्खा उन्हाळा, दर रविवारी शंभर गोळ्या, म्हातारा मधेच डमी घालायचा. आणि मी मुद्दाम सॅव्हेजसारखीच मागे सेफ्टी असलेली बोल्टवाली शोधून घेतली, म्हणजे अंगठ्याला तेच. इथले लोकं म्हणतात एकच बंदूक असलेल्या माणसापासून जपून राहा, तो नेम चुकत नाही. मला तर असे कितीतरी एक-बंदूकवाले माहीत आहेत जे वर्षातून पाच गोळ्या मारतात आणि त्यातल्या तीन कुठे गेल्या ते त्यांना माहीत नसतं. म्हाताऱ्याकडेपण खळ्यात एक जुनी टू-टू आहे. ती तो मोजतच नाही, फावड्यासारखी भिंतीला असते.

तर मॅग्नम गेली. .२४३ चं काय करायचं ते ठरत नाहीये. ती काढू म्हटलं तर मुलगा, जो आता तेरा वर्षांचा आहे आणि माझ्या खांद्यापर्यंत आलाय, परवा पहिल्यांदा म्हणाला की बाबा ती माझी आहे ना? तेव्हा ते नोव्हेंबरनंतर.