उमरेड रोडची कापशी, धानातला भोवत्या

रविवार, रात्र

दिवाळी झाली, आत्याला भेटायचं राहिलंच होतं, म्हणून आज बाबांना घेऊन पवनीला जाऊन आले. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत जायचा रस्ता, आणि मला खरं सांगायचं तर आत्याइतकीच ओढ या रस्त्याची असते. नोव्हेंबर लागला की इथे तारेवर, खांबावर, वाळक्या बाभळीवर कोणी न कोणी शिकारी पक्षी बसलेलाच असतो. सकाळी लवकर निघायचं, म्हणजे ऊन तापायच्या आत हे पक्षी खाली बसलेले सापडतात, नंतर जमीन तापली की गरम हवेवर स्वार होऊन इतके वर जातात की नुसते ठिपके दिसतात.

पाचगाव मागे टाकलं आणि पहिली कापशी (लहान, पांढरी घार) दिसली. बाबांना म्हटलं, बाबा थांबवा न गाडी, त्यांनी इंडिकेटर देऊन साइडला घेतली (ते आता सवयीने घेतात). सोयाबीन निघून गेलेलं मोकळं वावर, पलीकडे पऱ्हाटी पांढरी फुटलेली, मधे तुरीच्या पिवळ्या फुलांच्या ओळी, आणि तारेवर हा कबुतराएवढा पांढरा-करडा पक्षी, खांद्यावर काळा पट्टा, डोळे लालभडक. शेपटी वर-खाली, वर-खाली करत होती. मग उडाली आणि वावराच्या मधोमध हवेत एका जागी थांबली, पंख फडफडताहेत, पाय खाली लोंबताहेत, पण डोकं? डोकं जरासुद्धा हलत नव्हतं. अंग सगळं वाऱ्यावर हलतंय आणि नजर खिळलेली. थोडी खाली आली, परत थांबली, पंख वर उचलून धरले आणि पाय पुढे करून सरळ गवतात. वर आली तेव्हा पंजात उंदीर होता. बाबा म्हणाले, "अरे वा, हे तर फुकटचं राखण झालं."

धुऱ्यावर एक आजोबा सांबार (कोथिंबीर) खुडून राहिले होते, आम्हाला एवढं टक लावून पाहताना बघून जवळ आले. म्हणाले, "ताई, हे पाखरू रोज येते इथं. उंदरं नेते. आम्ही नाही हाकलत त्याला." मला इतकं बरं वाटलं न ते ऐकून! कारण उंदरांसाठी वावरात विष टाकतात, ते खाऊन अर्धमेला झालेला उंदीर कापशीने उचलला की ते विष तिच्याही पोटात जाऊ शकतं. आजोबांना हे सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, निघताना मूठभर सांबार दिला.

उमरेडच्या पुढे करांडल्याच्या अभयारण्याच्या गेटकडे वळणाऱ्या गाड्या दिसल्या. वाघ पाहायला लोक जातात, जावं, मीही गेलेय. पण गेटच्या बाहेर, बिना तिकिटाचं जे चाललंय त्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही याचं मनापासून वाईट वाटतं. तिथेच रस्त्यालगत ठेंगण्या पळसावर एक तिसा, हाही शिकारी पक्षीच, बसला होता, पांढुरक्या डोळ्यांचा, गळ्यावर मधोमध काळी उभी रेघ. अगदी जवळून पाहू दिलं त्याने. बहुतेक लोक त्याला घार समजून पुढे जातात.

भिवापूर सोडून पवनीकडे वळलं की जमीनच बदलते, कापूस संपतो, धानाच्या बांध्या सुरू होतात. अर्ध्या बांध्या कापलेल्या, बाकीच्या उभ्या. आणि त्यांच्यावरून, जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवरून, भोवत्या, लांब पंखांचा शिकारी पक्षी, तरंगत चालला होता. पंख किंचित वर उचललेले, एकदा या बाजूला झुकला, एकदा त्या बाजूला, मधेच गिरकी घेऊन मागे. तपकिरी अंग आणि शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, म्हणजे मादी किंवा पिल्लू. अशा रूपात माँटेग्यूचा भोवत्या कोणता आणि पांढुरका कोणता हे ओळखणं फार कठीण, मी वहीत नुसतं भोवत्या लिहिलं. त्याचा चेहरा घुबडासारखा थोडा चपटा असतो, त्यामुळे गवतातली खुसफुस त्याला ऐकू येते, नुसतं डोळ्यांवर काम नाही. कझाकस्तानच्या गवताळ माळांवरून हे येतात, इथे नाकतोडे-उंदीर खाऊन हिवाळा काढतात, मार्च-एप्रिलपर्यंत परत.

आणि रात्री झोपतात कुठे, तर जमिनीवर, उंच गवतात, बरेचदा घोळक्याने. हेच मला सारखं टोचतं. आपण ज्याला पडीत म्हणतो, ज्यावर लेआउटचे दगड गाडतो, तेच त्यांचं झोपायचं ठिकाण आहे. झाड तोडलं तर निदान कोणीतरी ओरडतं, गवत गेलं तर कोणाला कळतही नाही.

जेवताना बाबांनी गिधाडांचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. मग जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक नावाच्या दुखण्याच्या औषधाने घात केला, तसलं ढोर खाल्लं की गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात 99 टक्क्यांहून जास्त संपली होती. 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून लांब चोचीची गिधाडं पेंचच्या जंगलात आणून सोडली, हे बाबांना माहीतच नव्हतं. लगेच म्हणाले, पेंचला कधी जायचं?

परतताना गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर ऑस्प्रे (मासे खाणारा शिकारी पक्षी) मिळाला, दुरून, पण मासा पकडून नेताना. माशाचं तोंड पुढे करून नेतो तो, म्हणजे वारा कमी लागतो.

आता ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर) सगळं टाकून राहिले. बाबा शेजारी बसून विचारताहेत, तिसा लिहिला का, त्या आजोबांच्या वावरातली कापशी लिहिली का. घारी मोजल्याच नाहीत म्हणून रागावले. बरोबरच आहे, पुढच्या वेळी त्याही मोजायच्या.