विसाव्याचा दगड

शनिवार, १४ जून. म्यूकर, रात्री साडेदहा

आई झोपली. बाहेर अजून पुरता काळोख पडलेला नाही, समोरच्या किस्डन डोंगराची कड दिसते आहे. पाय भरून आलेत, पण आजचं आजच उतरवून ठेवायला हवं. उद्यावर ढकललं की अर्धं निसटतं.

आई तीन आठवड्यांपूर्वी देवरुखहून आली. लंडन दाखवलं, यॉर्क मिन्स्टर दाखवलं. सगळीकडे "छान आहे" म्हणाली. जिथे तिला हात लावून बघावंसं वाटत नाही, तिथे ती "छान आहे" म्हणते. म्हणून या शनिवार-रविवारी तिला स्वेलडेलला आणलं. डेल म्हणजे दरी, आणि यॉर्कशर डेल्समधल्या मोठ्या दऱ्यांपैकी ही सगळ्यात उत्तरेकडची. मी लीड्सला नऊ वर्षं राहते. मन थाऱ्यावर नसलं की मी इथेच येते.

हॉझ गाव सोडलं की बटरटब्जचा घाट चढावा लागतो. घाटमाथ्यावर रस्त्याला लागूनच चुनखडीत उभ्या विहिरींसारखे खड्डे आहेत, काही वीस मीटर खोल. या दरीतले शेतकरी हॉझच्या बाजाराला लोणी घेऊन जायचे तेव्हा इथे दम खायला थांबायचे आणि उन्हाने लोणी पातळ होऊ नये म्हणून ते या गारव्यात खाली सोडून ठेवायचे, असं सांगतात. आईने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "कढवून तूप का नाही केलं?" मला उत्तर देता आलं नाही. पण ती प्रश्न विचारायला लागली, तिथेच मला बरं वाटलं.

घाट उतरला की थ्वेट, मग म्यूकर, वर केल्ड, खाली गनरसाइड. हजारएक वर्षांपूर्वी नॉर्वेकडच्या लोकांनी इथे येऊन वस्ती केली, त्यांच्या बोलीतली ही नावं. थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जागा. केल्ड म्हणजे झरा. गनरसाइड म्हणजे गुन्नार नावाच्या कुणाचं तरी उन्हाळ्यात गुरं चारायचं रान. "आपलं आंबेड, फणसवणे तसंच की," आई म्हणाली. तसंच. ज्याने पहिल्यांदा जागा पाहिली, त्याला जे दिसलं ते नाव.

गाडी म्यूकरला ठेवली, मिनीबसने केल्डपर्यंत गेलो आणि नदीच्या काठाने चालत परत आलो. अंतर पाचेक किलोमीटर, पण आईच्या गुडघ्यांना जपत, थांबत थांबत साडेतीन तास लागले. वाटेत क्रॅकपॉट हॉलचे अवशेष लागतात. हे एक शेतघर. खाली शिशाच्या खाणी खणलेल्या, त्यामुळे जमीन खचत गेली आणि १९५०च्या दशकात घर सोडून द्यावं लागलं. आता दोन-तीन भिंती आणि आकाश. एवढी देखणी जागा, पूर्ण दरी समोर पसरलेली. आई चौथऱ्यावर बसली आणि बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चूल या बाजूला असणार." खरंच तिथे काळवंडलेला कोनाडा होता.

पूल ओलांडून म्यूकरच्या कुरणांत शिरलो आणि तिथे मला जे दाखवायचं होतं ते होतं. जूनचा मध्य म्हणजे या कुरणांचा भर. जांभळी वूड क्रेन्सबिल, पिवळी बटरकप, मधेच रानटी त्रिपर्णी (क्लोव्हर). गवत कमी आणि फुलं जास्त. मधून फरश्यांची जेमतेम दीड फूट रुंद वाट, आणि एकामागोमाग एक चाला अशी पाटी. आई पुढे, मी मागे.

एक बुटकं पिवळं फूल मी तिला दाखवलं, यलो रॅटल. हे गवताच्या मुळांतून रस ओढून घेतं. गवताचा जोर कमी झाला की बाकी फुलांना जागा मिळते. बी तयार झालं की सुकलेल्या बोंडात खुळखुळ्यासारखं वाजतं आणि शेतकऱ्याला कळतं, गवत कापणीला आलं. आईने एक बोंड तुटू नये एवढ्या बेताने बोटात धरलं, कान जवळ नेला. अजून कच्चं होतं.

ही फुलं कुणी पेरलेली नाहीत, पण ती आपोआपही आलेली नाहीत. मे महिन्यात मेंढ्या कुरणातून वर डोंगरावर हलवायच्या, रासायनिक खत घालायचं नाही, जुलैत बी झडेपर्यंत विळा लावायचा नाही, मग कापून वाळवायचं. वर्षानुवर्षं हे असंच केलं तर अशी कुरणं राहतात. १९३०च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली अशी ९७ टक्के कुरणं गेली. नांगरली गेली, नाहीतर खत घालून नुसती हिरवी झाली. मी पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मला वाटलं होतं, छापायला चुकलेत.

आणि प्रत्येक कुरणात एक दगडी गोठा. इथल्या बोलीत त्याला काउस म्हणतात. आई मोजायला लागली, तेवीसपर्यंत मोजून नाद सोडला. "एवढे गोठे कशाला? घराजवळ एक मोठा बांधायचा." मी सांगितलं ते असं: कापलेलं गवत घरापर्यंत वाहून न्यायचं आणि शेण परत कुरणात आणायचं, हे दोन्ही कष्ट वाचवायला गोठाच कुरणात नेला. वर माळ्यावर गवत, खाली दावणीला चार-पाच गुरं. हिवाळाभर गुरं आत, शेण त्याच कुरणाला. माणूस मात्र बर्फातून दिवसाला दोनदा धार काढायला गोठ्यागोठ्याने फिरायचा, दुधाचं भांडं पाठीला लावून. आईने हे ऐकलं आणि एका गोठ्याच्या दारातून आत डोकावली. दगडी फरशी, शेण वाहून जायला पन्हळ, लाकडी गव्हाणीची कड गुरांच्या मानांनी गुळगुळीत झालेली. तिने त्या कडेवरून तळहात फिरवला. ते बोंड सोडलं तर या प्रवासात तिने पहिल्यांदा कशाला तरी हात लावला.

मग भिंत. "अगं, हा तर गडगा!"

गडगाच तो. चुना नाही, सिमेंट नाही. दोन्ही अंगांना मोठे दगड, वर जाताना किंचित आत झुकत आलेले, पोटात बारीक दगडांची भर, मधूनमधून आरपार घातलेला लांब दगड आणि माथ्यावर उभ्या दगडांची रांग. आमच्याकडे जांभा, इथे चुनखडी आणि वालुकाश्म, एवढाच फरक. यॉर्कशर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात अशा भिंती आठ हजार किलोमीटरांहून जास्त आहेत. दरीतल्या वेड्यावाकड्या आहेत त्या बहुतेक जुन्या. डोंगर चढून जाणाऱ्या सरळ रेषा मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, संसदेच्या कायद्याने गावाची सामाईक राने वाटून बंदिस्त केली तेव्हाच्या. ज्याचं कागदावर काही नव्हतं, त्याची गाय त्या दिवसापासून भिंतीबाहेर. फोटोत या रेषा फार सुंदर येतात. मला त्या तेवढ्याच सुंदर वाटत नाहीत.

गावातल्या जुन्या शाळेच्या भिंतीवर कीर्टन भावांच्या नावाच्या पाट्या आहेत. रिचर्ड आणि चेरी, थ्वेटला जन्मलेली मेंढपाळाघरची मुलं. पक्ष्यांचे, घरट्यांचे फोटो काढणारे अगदी पहिले लोक. पक्ष्यांच्या जवळ जाता यावं म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून घेतला होता, आत कॅमेरा घेऊन उभं राहायचं. आईला ही गोष्ट फार आवडली. झोपेपर्यंत दोनदा आठवून हसली.

रविवार, १५ जून. पहाट

पाचला एकटीच किस्डनवर चढले. ही वाट म्हणजे जुनी प्रेतवाट, पूर्वी प्रेतं दफनाला न्यायची ती. धुकं खाली दरीत, वर ऊन. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या नाकाच्या स्वेलडेल मेंढ्या वाटेत उभ्या, हलायला तयार नाहीत.

इथले मेंढपाळ मेंढ्या मोजायचे ते वेगळ्याच आकड्यांत. यॅन, टॅन, टेदर, मेदर, पिप. दहाला डिक. इंग्रजी येण्याआधी इथे जी केल्टिक बोली होती तिचे हे उरलेले कण आहेत असं मानतात. वेल्श भाषेत पाचाला अजून पिंप म्हणतात. मला विटीदांडू आठवला. वकट, लेंड, मूंड, नाल. लहानपणी आम्हाला ते नुसते खेळातले शब्द वाटायचे. तेलुगूत ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू म्हणतात हे हैदराबादच्या मैत्रिणीकडून कळलं तेव्हा मी पंचविशीत होते. भाषा बाजारातून उठते, दरबारातून उठते, आणि मुलांच्या खेळात आणि मेंढ्यांच्या मागे कुठेतरी बसून राहते.

मोठ्याने मोजून पाहिलं. पिपपर्यंत आले आणि मेंढ्या हलल्या.

रविवार, रात्री. लीड्स

घरी आलो. आई भाकऱ्या थापते आहे, मी लिहिते आहे.

सकाळी म्यूकरचं सेंट मेरी चर्च पाहिलं. १५८०चं, आधी त्यावर हेदर झुडपांचं छप्पर होतं. हे होण्याआधी वरच्या दरीत कुणी गेलं तर दफनासाठी थेट ग्रिंटनला न्यावं लागायचं. केल्डपासून सोळा मैल, म्हणजे जवळजवळ सव्वीस किलोमीटर. दोन दोन दिवस लागायचे. लाकडी पेटी जड, म्हणून विणलेल्या वेताच्या पेटीत न्यायचे, असं सांगतात. हे मी आईला कालच सांगणार होते, पण चालताना सांगायला धजावले नाही. बाबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

आयव्हलेटच्या पुलापाशी मात्र सांगावंच लागलं. एका कमानीचा जुना पूल, मांजरासारखी पाठ उंचावलेला. त्याच्या टोकाशी गवतात एक लांब, सपाट दगड आहे. आई त्यावर बसायला गेली आणि मी पटकन म्हटलं, "आई, त्यावर नको." मग सांगितलं, की प्रेतपेटी घेऊन येणारे लोक ती या दगडावर ठेवून खांदे मोकळे करायचे.

"म्हणजे विसावा," आई म्हणाली.

तो शब्द मला सुचला नव्हता. एवढ्यांदा इथे आले, इंग्रजी पाटी वाचली, फोटो काढले. पण घर आणि स्मशान यांच्या मधोमध तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, त्या जागेला आपल्याकडे नाव आहे हे माझ्या मनात आलं नाही. बाबांच्या वेळी मी विमानात होते. आमच्या वाडीचा विसावा चाफ्याखाली आहे. आईने मला तिथे कोण कोण होतं, खांदा कुणी कुणी बदलला, ते सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. पुलाखाली पाणी तांबूस, डोंगरावरच्या पीटमधून, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या थरातून येणारं. आम्ही दगडाशेजारी गवतात अर्धा तास बसलो. उठताना आईने दगडावर एक बटरकपचं फूल ठेवलं.

गनरसाइडला चहा घेतला. गावामागच्या घळीत डोंगर खरवडून काढल्यासारखे दिसतात. वर पाणी अडवायचं, बांध फोडून एकदम सोडायचं, माती वाहून गेली की शिशाची शीर उघडी. एकोणिसाव्या शतकात या गावात खाणकामगारांची एवढी वस्ती होती, की १८६६चं मेथडिस्ट चॅपल आजच्या गावाला सैल पडतं. परदेशातून स्वस्त शिसं यायला लागलं, १८८०च्या दशकात खाणी बसल्या आणि माणसं निघाली. कुणी डरमच्या कोळसाखाणीत, कुणी लँकेशरच्या कापडगिरण्यांत, कुणी अमेरिकेला. आई म्हणाली, "आपले मुंबईच्या गिरणीत गेले तसे." तिचे दोन्ही मामा लालबागला होते.

गावाबाहेर एकजण पडलेली भिंत रचत होता. आई रस्त्यातच थांबली. पडलेले दगड त्याने गवतावर आकाराप्रमाणे मांडले होते, माथ्याचे सगळ्यात लांब, भरीचे सगळ्यात जवळ. दोऱ्या ताणलेल्या. एक दगड उचलायचा, हातात फिरवून पाहायचा आणि बसवायचाच. उचललेला खाली ठेवत नव्हता. मी त्याला म्हटलं, की माझ्या आईच्या गावी अशाच भिंती आहेत. त्याने मान हलवली, "दाखवा मग, लव्ह," म्हणाला आणि बाजूला झाला. आईने भरीचे दगड घेतले. तिने ते ओतले नाहीत, एकेक हाताने फटीत घट्ट बसवले, लहान मुलाच्या अंगाखाली गोधडी सारतात तसे. तो बघत राहिला. मग त्याने तिला अजून एक मूठ दिली. दोघांत भाषा नव्हती, वीसेक मिनिटं कामच चाललं होतं.

शेवटी ग्रिंटन. प्रेतवाट संपते ते सेंट अँड्र्यूज चर्च, दरीतले लोक त्याला डेल्सचं कॅथीड्रल म्हणतात. इंग्लंडात एकेकाळी कायदाच होता, की लोकरीचा धंदा टिकावा म्हणून मृताला लोकरीच्याच कापडात पुरायचं, नाहीतर पाच पौंड दंड. बाकावर बसून मी आईला हे सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. फोनला रेंज आली होती आणि तिने देवरुखला काकांना फोन लावला होता. तिकडे संध्याकाळ, पाऊस चालू.

"मागच्या परड्याचा गडगा कसा आहे?"

पडला होता, आठ-दहा हात. काकांनी सिमेंटच्या कंपाउंडचं ठरवलं होतं, माणसाला सांगूनही झालं होतं.

"मग त्याला थांबवा, भाऊजी. दगड कुणी नेऊ देऊ नका. एका बाजूला नीट लावून ठेवा, मोठे वेगळे, बारीक वेगळे. मी आले की आपण रचू."

तिच्या नखांत अजून गनरसाइडची माती होती.